भाऊंची वही

मार्चमधल्या एका दुपारी भाऊ आरोग्य उपकेंद्रात आले ते स्वतःसाठी नव्हे, आईच्या शुगरच्या गोळ्या न्यायला. मोटरसायकल बाहेर चालूच होती. गोळ्या मोजेपर्यंत बसा, बीपी पाहू, असं मी म्हटलं तर हसले. "मले काय धाड भरली मॅडम? वावरात काम करनाऱ्याले बीपी नसते." पट्टा बांधला. १६२/१००. गाडी बंद करून यायला सांगितलं, पाच मिनिटं न बोलता बसवलं आणि पुन्हा घेतला. १५८/९८.

"मशीन खराब असन."

मी माझ्या दंडाला पट्टा बांधून दाखवला. भाऊंनी सवयीनं खिशातली खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पुडी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. त्या दिवसापासून पुढचे अठरा महिने हे घर माझ्या नोंदीत राहिलं. सुरुवातीला मी एका माणसाचं प्रकरण लिहीत होते. मध्येच कुठंतरी ते बदललं, ते पुढं येईलच.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावाचं नाव सांगत नाही, घराचंही नाही. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते. लिहायला भाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी, दोघांचीही संमती आहे. वहिनींनी एवढंच सांगितलं, "खरं लिवजा, आमाले मोठं करून दाखवू नका."

भाऊंचं वय ४६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, पोटाचा घेर १०१ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी घेराची मर्यादा ९० मानतात. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त घेतलं, साखर ११४ आली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर पाय ठेवलेला. वडिलांना ५८ व्या वर्षी लकवा मारला, चार वर्षं खाटेवर काढून ते गेले. आईला शुगर. नऊ एकर वावर, त्यातलं तीन एकर ओलित. कापूस, तूर, सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा. घरात पाच माणसं: भाऊ, वहिनी, आजी, कॉलेजातला मुलगा आणि बारावीतली मुलगी.

आशाताईनं त्यांचा सी-बॅक फॉर्म कधीच भरून दिला होता. हा फॉर्म तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात आणि त्यातले धोक्याचे गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलावतात. भाऊंना तीनदा बोलावणं गेलं होतं. व्यायामाच्या रकान्यासमोर त्यांनी आशाताईला सांगितलं होतं, "लिव, शेतकरी." जणू तेवढ्यात सगळं आलं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ त्या एका शब्दात आहे. शेतकरी म्हणजे कष्ट, कष्ट म्हणजे तब्येत, हे समीकरण भाऊंच्या वडिलांना लागू होतं. भाऊंची बैलजोडी चार वर्षांपूर्वी विकली गेली. नांगरणी ट्रॅक्टरनं, पेरणी ट्रॅक्टरनं, सोयाबीन काढणी हार्वेस्टरनं. तण बरंचसं औषधानं मारतात. वावर दीड किलोमीटरवर आणि जाणं-येणं मोटरसायकलवर. भाऊंच्या अंगावर उरलं ते पाठीवरचा पंप घेऊन फवारणी, पाईप बदलणं, मजुरांवर देखरेख आणि माल घेऊन बाजार. शिवाय तालुक्याच्या चकरा, ज्यात दिवस जातो पण अंग हलत नाही. भूक मात्र बापाकडून वारशानं आलेली. सकाळी तीन पोळ्या, दुपारी चार, रात्री चार आणि वर भात.

मी त्यांच्या मोबाइलात पावलं मोजायचं सुरू करून दिलं. एप्रिलमधल्या दोन आठवड्यांची सरासरी दिवसाला २,९०० निघाली. भाऊ खवळले. फोन खाटेवर राहिला असेल, मोजणी चुकली असेल, ऊन होतं. ऊन होतं हे खरंच, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी माणूस सावली सोडत नाही. पण मुद्दा तोच होता. जुलैत, डवरणी-निंदणाच्या दिवसांत, हाच आकडा ९,८०० झाला. म्हणजे वर्षातले चार-साडेचार महिने भाऊ कष्टकरी आणि उरलेले महिने दुकानदार. शरीर सरासरी काढत नाही. हालचाल थांबली की काही आठवड्यांतच स्नायू रक्तातली साखर ओढून घ्यायला आळशी होतात, आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच ओढतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के स्नायू असेही कमी होतात. चाळिशीत हे कळत नाही, कारण वजनकाट्यावर तेवढीच किंवा जास्तच चरबी स्नायूंची जागा घेते.

दिवसाला दहा हजार पावलांचा आग्रह मी धरला नाही. तो आकडा मुळात १९६० च्या दशकात एका जपानी पावलंमोजणी यंत्राच्या जाहिरातीतून आला. २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेला अभ्यास सांगतो की २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा फारसा वाढला नाही. भाऊंना मी म्हटलं, उन्हाळ्यात सहा हजार करा. कसे करायचे ते पुढं बघू.

मग घरातला हिशेब मांडला. माणूस किती खातो हे विचारलं तर उत्तर "थोडंसंच" असं येतं. वाण्याची चिठ्ठी खोटं बोलत नाही. मीठ महिन्याला दोन किलो. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी १३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत म्हणते. थोडं मीठ लोणच्यात आणि जनावराच्या आंबोणात जातं असं वहिनी म्हणाल्या, तरी दुप्पट धरायला हरकत नाही. तेलाचा १५ किलोचा पिपा अडीच महिन्यांत संपायचा, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम. भाऊंचे चहा सात, प्रत्येकात दोन चमचे साखर. नुसत्या चहातून ७० ग्रॅम.

आणि डाळ? वावरात तूर पिकते, पोती बाजारात जातात आणि घरी वरण असं पातळ की ताटाचा तळ दिसतो. सोयाबीन तर दाणाही घरात शिजत नाही. चाळीस टक्क्यांच्या घरात प्रथिनं असलेलं पीक आम्ही आख्ख्या तालुक्यात पेरतो आणि ट्रॉल्या भरून बाहेर पाठवतो. भाऊंच्या वजनाला रोज साधारण ६५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मी मोजलं तेव्हा ४५ भरली, तीही बरीचशी गव्हातून. मध्यम वयात स्नायू टिकवायचे तर हा खड्डा आधी भरायला हवा होता. पण तेव्हा माझं लक्ष साखरेवर होतं.

इथं माझी पहिली चूक. मी त्यांना छापील आहारतक्ता दिला. त्यात ओट्स होते, सफरचंद होतं, "सायंकाळी मूठभर बदाम" होते. आशाताईनं तो वाचून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तक्ता पंधरा दिवस भिंतीला होता, मग त्यावर मुलीच्या क्लासची वेळ लिहिली गेली.

दुसरी चूक जास्त महागाची. मी म्हटलं, पोळी सोडा, ज्वारीची भाकर खा. सगळेच सांगतात. ज्वारी इथलीच, आजीचं सगळं आयुष्य ज्वारीच्या भाकरीवर गेलेलं. आता ती कोणी पेरत नाही. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं उभं पीक ठेवत नाहीत, रेशनला गहू-तांदूळ मिळतो आणि वावरात कापूस-सोयाबीनला जागा हवी असते. तरी विकत आणू म्हणाले. आणली. महिन्यानंतर गेले तर भाकर बंद. भाऊंना आवडत होती, मग बंद का? भाऊ गप्प. वहिनी चुलीपुढून बोलल्या, "मॅडम, पोया सकाळी करून ठेवता येते. भाकर गरम लागते. मी वावरातून साडेसहाले येतो, मंग थापत बसू का? पोरीले येत नाई."

मी जो जो सल्ला भाऊंना दिला होता तो तो वहिनींच्या दिवसात जाऊन बसला होता. भाकर त्यांनी थापायची. कमी तेलाची भाजी वेगळी त्यांनी करायची, कारण आजीला आणि मुलाला तशी चालत नाही. गोळीची आठवण त्यांनी करायची. चहात साखर कमी झाली की भाऊंचा राग त्यांनी सोसायचा. आणि त्यांची स्वतःची तपासणी? फॉर्म भरलेला होता. "ठीक" असं लिहिलेलं.

शिवाय भाकरीत जादू नाही, हे मला आधी कबूल करायला हवं होतं. शंभर ग्रॅम ज्वारी आणि शंभर ग्रॅम गहू यांच्यातल्या स्टार्चमध्ये फार फरक नसतो. चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी खाल्ल्या तर साखर ओळखतसुद्धा नाही. फरक पडतो तो दोन भाकरी, घट्ट वरण आणि ताटभर भाजी यानं. त्यामुळे आम्ही तडजोड केली. भाकर आठवड्यातून तीनदा, ज्या दिवशी आजीला थापायला जमेल त्या दिवशी. एरवी दोन पोळ्या. ज्वारीच्या कण्या कुकरमध्ये, भातासारख्या. वरणाला डाळ दुप्पट. सोयाबीन भाजून गव्हात दळायचं, नऊ किलोला एक किलो. कच्चं दळायचं नाही, पचत नाही. पावसाळ्यात टरोटा, अंबाडी, कटवल या भाज्या असतातच, त्या फुकटच्या. भाऊंना सगळ्यात सोपं गेलं ते चहाचं: सात कप कायम, पण आधी दीड चमचा, दिवाळीनंतर एक आणि मग अर्धा. चहा सोडा म्हटलं असतं तर मला गावातून हाकललं असतं.

आता वहिनी. वय ४४. पहिल्यांदा मी त्यांना नीट पाहिलं ते माझ्या गृहभेटीत. चटईवर बसून जेवण झालं. भाऊ उठले ते एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर, तोंडानं "हं" करत. वहिनी उठल्या त्या दोन्ही हातांत ताटांची चळत घेऊन, कशालाही न धरता, सरळ. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला लावून गुण दिले होते, २०१२ साली ते छापून आलं. हात-गुडघ्याचा जितका आधार लागला तितके गुण कमी, आणि कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त. आमच्याकडे ही परीक्षा रोज दोनदा होते, फक्त कोणी गुण मांडत नाही. तीही आता कमी व्हायला लागलीय. प्लास्टिकच्या खुर्च्या घराघरांत आल्या, लग्नात पंगत गेली.

मला वाटलं, वहिनी ठणठणीत आहेत. हिमोग्लोबिन पाहिलं. ९.२. बारा असायला हवं.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत त्या कापूस वेचतात, स्वतःच्या वावरात आणि मजुरीनंही. मुलाचा जुना फोन एक दिवस त्यांच्या कमरेला बांधला. पावलं १४,०००. पण तो आकडा काहीच सांगत नाही. आठ तास कमरेतून वाकून, पोटाशी ओटी बांधलेली, ती भरत जाते तशी जड होते. साडीवर नवऱ्याचा फुलबाहीचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, हातात मोजे, म्हणजे दिवसभर उन्हात असून अंगाला ऊन लागत नाही. पाणी त्या पीतच नव्हत्या. सकाळी एक गिलास, मग थेट संध्याकाळी. का, तर जायचं कुठं? कपाशी कमरेएवढी, चहूबाजूंना माणसं. वर्षात दोनदा लघवीला जळजळ झाली होती, गावातल्या दुकानातून गोळ्या आणून भागवलं होतं. पाळी दोन वर्षांपासून लांबलेली आणि अंगावरून जास्त जाणारी. "वय झालं, आता बंद व्हायची, म्हनून तसंच होते," त्या म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या आशाताईनं दिल्या होत्या आणि त्या घेतही होत्या. चहाबरोबर.

चहा लोह शोषू देत नाही. सहा महिने घेऊन उपयोग शून्य, आणि आम्ही नोंदीत "गोळ्या दिल्या" म्हणून टिक करत होतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण चाळिशी-पन्नाशीतल्या बायका हे वाचत असतील. पाळी जायच्या काळात अनियमित होणं चालतं. भरपूर, गाठींसह, आठ-दहा दिवस जाणं हे "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही. वहिनींना तालुक्याच्या रुग्णालयात पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठ निघाली. साधी होती, औषधावर भागलं. पण तपासून साधी ठरणं आणि न तपासता साधी मानणं यात फरक आहे. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात, तेव्हा रक्त, प्रथिनं आणि कॅल्शियम यांची गंगाजळी आधीच रिकामी असलेली बाई त्या वर्षांत शिरते ती कर्ज घेऊनच. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलंय. निम्म्याहून जास्त. म्हणजे वहिनी अपवाद नाहीत, नियम आहेत.

गोळीची वेळ बदलली, दुपारी वावरात, जेवणानंतर तासाभरानं, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा तिच्या आसपास नाही. तीळ-जवसाची चटणी घरात होतीच, ती रोज झाली. आठवड्याला चार अंडी, पहिल्यांदाच त्यांच्या ताटात, कारण अंडी आतापर्यंत मुलासाठी आणि भाऊंसाठी असायची. पाण्याचा प्रश्न मात्र मी सोडवला नाही, वेचणाऱ्या बायकांनीच सोडवला. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला जुन्या साड्यांचा आडोसा बांधला. एवढंच. दोन लिटरची कॅन प्रत्येकीकडे आली. आडोसा बांधायला चार साड्या आणि अर्धा तास लागला. माझ्या सगळ्या समुपदेशनापेक्षा त्या चार साड्यांनी जास्त काम केलं, असं मी प्रामाणिकपणे म्हणते.

भाऊंकडे परत. बीपी दोन वेगळ्या दिवशी जास्त आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली होती. जीवनशैलीवर लिहिणारे बरेच जण गोळीला हार समजतात. मला ते पटत नाही. १५८/९८ घेऊन माणसानं सहा महिने चालून बघावं, तेही बापाला लकवा झालेल्या घरात, हा जुगार आहे. गोळी आणि बदल दोन्ही. ऑक्टोबरात बीपी १२८/८२ आलं आणि भाऊंनी स्वतःच निर्णय घेतला. "गोयी सोडून देल्ली. नॉर्मल झालं न आता." नॉर्मल गोळीमुळे झालं, हे मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितलं. पटलं ते चौथ्यानं, आणि ते मी नाही, आजीनं सांगितलं: "मोटार बंद केल्यावर पानी येते का रे?"

तोवर जानेवारी उजाडला होता आणि आकडा पुन्हा १५०/९६. त्याला गोळी सोडणं एकच कारण नव्हतं. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि शेतीची वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात भाऊ बाराला उठून वावरात जात, स्प्रिंकलरचे पाईप बदलत, चारला परत. झोप दोन तुकड्यांत मिळून चार-साडेचार तास. जागं राहायला चहा आणि खर्रा. झोप तुटली की बीपी चढतं, दुसऱ्या दिवशी भूक वाढते, साखर वर राहते. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं, पण आमच्याकडे झोपेचं वेळापत्रक वीज मंडळाच्या तक्त्यात असतं हे सल्ला देताना डोक्यात आलं नव्हतं. "रोज सात तास झोपा" असं मी म्हटलं होतं. भाऊ त्यावर काही बोलले नव्हते, तेव्हाच समजायला हवं होतं. तोडगा अर्धवट निघाला. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याशी बोलून एक रात्र यानं दोघांचे पाईप बदलायचे, एक रात्र त्यानं. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर झोप. सौर पंपाचा अर्ज केलाय.

चालण्याचं सुरुवातीला अजिबात जमलं नाही. मॉर्निंग वॉक हा शब्दच गावात हास्यास्पद. दोन दिवस सकाळी हात हलवत रस्त्यानं गेले, तिसऱ्या दिवशी पान ठेल्यावरून आवाज आला, "भाऊ, गाडीतलं पेट्रोल संपलं काय?" झालं. संपलं चालणं. इथं कामाशिवाय चालणारा माणूस एकतर रिकामटेकडा असतो नाहीतर आजारी. पण एक चालणं असं आहे ज्याला कोणी हसत नाही. दरवर्षी माघात गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला गावातली दहा-बारा माणसं शेगावला पायदळ जातात. भाऊ कधी गेले नव्हते. मुलानं सुचवलं, बाबा, यंदा जा. सवय पाहिजे म्हणून ऑगस्टपासून वावरात पायदळ जाणं सुरू झालं, आणि आता कोणी काही म्हटलं तर उत्तर होतं: "शेगावले जाच आहे." जाऊन-येऊन तीन किलोमीटर, बहुतेक दिवशी दोनदा. रात्री जेवल्यावर टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं गोठ्यापर्यंत आणि परत.

बैठकाही सुरू केल्या. ज्या वऱ्हाडात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे तिथं बैठक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. भाऊंनी तरुणपणी शंभर मारल्या होत्या म्हणे. पहिल्या दिवशी खाटेच्या कडेवरून उठ-बस दहा वेळा, तीनदा. गुडघा कुरकुरला तेव्हा थांबवलं, खाटेची उंची विटांनी वाढवली, महिन्याभरानं विटा काढल्या. आठवड्यातून तीन दिवस, एवढंच.

फेब्रुवारीत दिंडी निघाली. कारंज्यापर्यंत छान गेले. मुलानं आदल्या दिवशी हौसेनं नवे स्पोर्ट शूज आणले होते, तेच घालून. तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. मी फोनवरच परत या म्हटलं, कारण साखर उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या पायाची जखम मी गमतीनं घेत नाही. एसटीनं परतले. चार दिवस घराबाहेर पडले नाहीत, लाजेनं.

खर्र्याचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं यश नाही. दिवसाला पाच पुड्या. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ठेल्यावर खर्रा घोटणं मात्र चालूच. भाऊंचं तोंड आखडलेलं, त्यात तीन बोटं उभी जात नव्हती, अडीचच. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलंय. आणि आखडलेलं तोंड सहसा मागं फिरत नाही, फार तर तिथंच थांबतं. दंतवैद्याकडे पाठवलं, आत पांढरे पट्टे होते, दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं. पोळ्याला सोडला, नऊ दिवस टिकला, सोयाबीनच्या काढणीत गेला. जानेवारीत १८००-११२-३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडायच्या मदतीसाठी फोन लावून दिला, सतरा दिवस टिकला. आता दिवसाला एक किंवा दोन. पाच आणि दोन यांत फरक आहे, पण मी त्याला सुटका म्हणणार नाही.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरातले आकडे असे. भाऊंचं वजन ७२.५, घेर ९४, एचबीए१सी ५.८, बीपी गोळीवर १३२/८४. चटईवरून उठताना गुडघ्याला हात लागत नाही. भिंत तर कधीच सुटली. एप्रिलमधली पावलं यंदा ५,६००. वजन सात टक्के उतरलं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या प्रयोगात याच सात टक्क्यांचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं ध्येय ठेवलं होतं, आणि मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर तसाच प्रयोग केला, २००६ मध्ये आलेला आकडा होता २८.५ टक्के. मी भाऊंना दुसरा सांगितला. कमी आहे, पण आपल्या माणसांचा आहे. ५.८ सुद्धा अजून उंबरठ्यावरच आहे, ५.७ च्या खाली गेलेलं नाही, हेही सांगितलं.

वहिनींचं हिमोग्लोबिन ११.६. वर्षभरात लघवीची जळजळ नाही. पाठ दुखते, ती वेचणी आहे तोवर दुखणार. वेचताना दर तासाला मागं वाकून कंबर सरळ करायची, एवढंच माझ्याकडे होतं. आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. दुसरं त्या करत नाहीत, कारण गंजीपर्यंतच्या फेऱ्या वाढल्या की वेळ जातो आणि मजुरी किलोवर मिळते.

सुरुवातीलाच मी भाऊंना एक दोनशे पानी वही दिली होती, बीपी, वजन, पावलं लिहायला. गेल्या महिन्यात ती तपासायला मागितली. पुढची पानं भाऊंची, मोठ्या अक्षरात, मधले दोन महिने कोरे. वही उलटी करून मागच्या बाजूनं दुसऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मुलीचं अक्षर. तारीख, "आईनं पाणी २ बाटल्या", "गोळी घेतली", "अंडं १", आणि एका ओळीत नुसतं, "आज आई दुपारी झोपली."

भाऊंनी वही हातातून घेतली, पानं मोजली. पुढून बेचाळीस, मागून एक्कावन्न. "ईनं तर माह्यापेक्षा जास्त भरली," ते म्हणाले, आणि बीपीचा पट्टा बांधायला दंड पुढं केला. मी म्हटलं, आज आधी वहिनींचं घेऊ.